दहा माणसांची बाटली

सरकारनं बूस्टर डोस द्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी त्याचं बारसं केलं. बूस्टर म्हणायचं नाही, प्रिकॉशन डोस म्हणायचं, असा हुकूम सुटला. लस यायला वेळ होता, नाव मात्र वेळेवर आलं. देवळा तालुक्यातल्या ज्या गावात वत्सलाबाई आहेर राहतात, तिथं 'प्रिकॉशन' हा शब्द उपकेंद्राच्या सिस्टरलाही एका दमात म्हणता येईना. लोकांनी आपलं 'तिसरी सुई' असं नाव ठेवून टाकलं आणि कांद्याच्या भावाचं बोलता बोलता ते विसरूनही गेले. विसरल्या नाहीत त्या एकट्या वत्सलाबाई.

त्यांची एकुलती एक लेक रोशनी पोटुशी होती आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात कोणाला काही विचारण्यासारखं नव्हतं. रोशनी नवऱ्याबरोबर देवळाली कॅम्पात, लष्कराच्या क्वार्टरमध्ये राहायची. जावई महेश तोफखान्यात नाईक. माणूस सरळ, निर्व्यसनी, फक्त कोणतीही गोष्ट हुकूम म्हणून घ्यायची सवय. दुसऱ्या लाटेत रोशनी ऑक्सिजनवर गेली होती. वत्सलाबाई तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून होत्या, आणि लेकीचा श्वास मशीनवर चालतो म्हणजे काय, ते त्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं होतं. पोर वाचली, पण फुप्फुसं कमजोर राहिली. म्हणून दिवस गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की बाळंतपणाला हिला जिथं ठेवाल तिथल्या माणसांचे सगळे डोस झालेले असू द्या. डॉक्टर बोलून पुढच्या पेशंटकडे वळले. महेशनं ते मनात पक्कं कोरून घेतलं.

"मामी," तो फोनवर म्हणाला, "तुमचं आणि मामांचं सर्टिफिकेट आलं की सातव्या महिन्यात मी स्वतः रोशनीला आणून सोडतो."

"घेतो की," वत्सलाबाई म्हणाल्या. "सरकार देतंय म्हणल्यावर त्यात काय अवघड हाय?"

त्यांचा सरकारवर विश्वास होता. रेशन मिळालं, गॅस मिळाला, दोन सुया मिळाल्या, तिसरीही मिळेल. काचेतून जे पाहिलं होतं ते पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती, त्यामुळे जावयाचा राग येण्याऐवजी त्यांना तो शहाणाच वाटला.

मामांचं, म्हणजे धनराव आहेरांचं, काम चुटकीसरशी झालं. साठीच्या वरच्यांना सरकार फुकट सुई देत होतं आणि धनराव साठीच्या वर होते. देवळ्याला कांदा घेऊन गेले, लिलाव व्हायला उशीर होता म्हणून ग्रामीण रुग्णालयात डोकावले, आणि दंड चोळत बाहेर आले. बाळंतपणातलं धनरावांना इतकंच ठाऊक होतं, की अशा वेळी पुरुषांनी ओट्यावर बसायचं आणि आतून गरम पाणी मागितलं की बंबाकडे बोट दाखवायचं. अशा माणसाचं संरक्षण सरकारनं प्राधान्यानं पूर्ण केलं. जी बाई रोशनीला न्हाऊमाखू घालणार, शेक-शेगडी करणार, बाळाला पायावर घेणार, ती आधार कार्डावर साठीच्या आत होती.

आधार कार्डाचीही एक गंमतच. गावात कॅम्प लागला तेव्हा मशीनवरच्या पोरानं बायकांच्या तोंडाकडे पाहून जन्मसाल टाकलं होतं आणि तारीख सगळ्यांना एक जानेवारी वाटून दिली होती. वत्सलाबाईंचे केस तेव्हा काळे होते, म्हणून त्या तरुण ठरल्या. त्यांची सख्खी धाकटी बहीण चिमणाबाई, सटाण्याकडे दिलेली, तिचे केस लवकर पिकले, म्हणून ती सरकारदरबारी थोरली झाली. जिला वत्सलाबाईंनी कडेवर घेऊन नदीवर नेलं होतं, ती मार्चातच तिसरी सुई घेऊन मोकळी झाली.

"मना ते कव्हयच व्हई गया," चिमणाबाई फोनवर माहेरच्या अहिराणीत म्हणाली. "तुले कसाले देत नही?"

"मी लहान शे," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि दोघी बहिणी पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर वत्सलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, की रोशनीला पाचवा लागला आहे.

एप्रिलात सरकारला तरुणांची दया आली. अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना डोस खुला झाला, फक्त खासगी दवाखान्यात, स्वतःच्या पैशानं. देवळ्यात कोणताच खासगी दवाखाना ती लस ठेवेना. वत्सलाबाई धनरावांना घेऊन एसटीनं नाशिकला गेल्या, सीबीएसवर उतरून रिक्षा केली आणि एका मोठ्या, थंडगार दवाखान्याच्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा मोबाईल नंबर टाकला आणि गोड आवाजात सांगितलं, की दुसरा डोस तुम्ही दिवाळीनंतर घेतलाय, त्याला नऊ महिने व्हायला पाहिजेत, ऑगस्टमध्ये या.

"ऑगस्टात तर माझ्या लेकीला नववा सरत आलेला असंल," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तुमचे नऊ आणि त्यांचे नऊ वेगळे आहेत ना, आजी," मुलगी म्हणाली. पोर वाईट नव्हती. तिच्या कॉम्प्युटरमध्ये बाळंतपणाचा रकाना नव्हता, ती तरी काय करणार.

सातवा आला आणि गेला. ओटीभरण, डोहाळजेवण जे काही व्हायचं ते क्वार्टरमध्येच झालं. हिरवी साडी धनरावांच्या हाती पाठवावी लागली, कारण ते सर्टिफिकेटवाले. वत्सलाबाईंनी व्हिडिओ कॉलवर लेकीला फुलांच्या वाडीत पाहिलं. रोशनीची सासू भागीबाई सिन्नरकडच्या गावाहून येऊन राहिली होती आणि कौतुकानं सुनेला घास भरवत होती. वत्सलाबाईंनी स्क्रीनवरच बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

"आई, तूच ये ना इकडं," नंतर एकटी असताना रोशनी म्हणाली. "यांचं काय ऐकत बसतेस? नुसती ये."

"आगं, आता आलंच हाय. सुई झाली की तुलाच घेऊन येते इकडं."

फोन ठेवल्यावर वत्सलाबाईंनी कोपऱ्यात रोशनीसाठी धुऊन आवळून ठेवलेली जुनी बाज पुन्हा एकदा पुसली.

आणि जुलै महिन्यात सरकारला अचानक जाग आली. एका आठवड्यात दोन प्रसाद हाती पडले. नऊ महिन्यांचे सहा झाले आणि अठरापुढच्या सगळ्यांना डोस फुकट झाला, तोही मर्यादित दिवसांसाठी, कापडाच्या दुकानात सेल लागतो तसा. ही बातमी गावात लसीच्या आधी बॅनरनं आणली. बॅनरवर वरच्या ओळीत मोठी मोठी माणसं, खालच्या ओळीत उपसरपंच कुंदन पवार, आणि मधे जी थोडी जागा उरली तिथं लस. उपकेंद्रासमोर मंडप पडला, नारळ फुटला, भाषणं झाली. कुंदननं लसीच्या पांढऱ्या डब्याला हात लावून फोटो काढून घेतला. वत्सलाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसल्या होत्या. भाषणं संपल्यावर त्या उठून दंड मोकळा करून उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की डबा रिकामा आहे. लस निघाली आहे, जिल्ह्यापर्यंत आली आहे, असं भामरे सिस्टर म्हणाली.

भामरे सिस्टर बाई चांगली. पाच गावं एकटीनं सांभाळायची, स्कूटी ढकलत यायची, गावातल्या प्रत्येक पोराचं वजन तिला तोंडपाठ. लस खरोखर आली तेव्हा ती आपणहून वत्सलाबाईंच्या घरी सांगायला आली. चहा घेता घेता तिनं पुढची अडचणही सांगितली.

"मावशी, एका बाटलीत दहा जणांचे डोस असतात. एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते. दहा माणसं समोर बसल्याशिवाय मला फोडता येत नाही. वाया गेली तर मलाच उत्तर द्यावं लागतं."

"आणि नाय फोडली, तशीच पडून राहिली तर?"

"मग तिची मुदत संपते."

"म्हणजे वायाच गेली ना?"

"नाही, मावशी. ती मुदतबाह्य झाली," सिस्टर म्हणाली, आणि तिलाच थोडं हसू आलं.

म्हणजे लस फोडून नासली तर गुन्हा आणि न फोडता नासली तर नियम. वत्सलाबाईंना हे चटकन कळलं, कारण त्यांच्या कांदाचाळीत साठवलेल्या मालाचंही दरवर्षी असंच व्हायचं. त्यांनी पदर खोचला आणि नऊ माणसं गोळा करायला निघाल्या.

नऊ माणसं म्हणजे आपल्या गावात काय अवघड, असं त्यांना वाटलं. सभेला टेम्पो भरून माणसं जातात. मयतीला न सांगता शंभर जमतात. पण कोरोना आता कोणालाच नको होता. ज्या सुईसाठी गेल्या साली लोकांनी पहाटेपासून चपला रांगेत ठेवल्या होत्या, तिच्यासाठी आता कोणी पायात चप्पल घालायला तयार नव्हतं. एक म्हणाली, ते कधीच गेलं. एक म्हणाली, लागवड चाललीय, हात दुखला तर रोप कोण लावणार. जे तयार झाले त्यांच्यात दोघांना आधीची सुई दुसऱ्या कंपनीची होती, एकाचे सहा महिने भरत नव्हते, आणि एका बहाद्दरानं पहिलीच घेतली नव्हती. तो म्हणाला, तिसरी फुकट असेल तर तेवढी देऊन टाका. वत्सलाबाईंनी सात जमवले की दोन गळायचे, दोन धरून आणले की तिघांना पाहुणे यायचे. सिस्टर डबा घेऊन यायची, वाट पाहायची आणि डबा घेऊन परत जायची. डबा बिचारा त्या महिन्यात जेवढा फिरला तेवढा कुंदनही फिरला नसेल.

तिकडे महेश दर रविवारी फोन करायचा. "मामी, काय प्रगती?" असं विचारायचा. वत्सलाबाईंना वाटायचं, आपण त्याच्या पलटणीत आहोत आणि आपली रायफल हरवली आहे.

श्रावण लागला आणि त्यांना युक्ती सुचली. श्रावणी सोमवारी महादेवाच्या देवळात सगळ्या बायका येतात. तिथून उपकेंद्र हाकेच्या अंतरावर. लोकांची दारं ठोठावत फिरण्यापेक्षा अभिषेक झाला की देवळाच्या पायरीवरूनच बायका वळवायच्या. सिस्टरला त्यांनी सोमवारीच यायला लावलं. देवळात पिंडीवर बेल वाहिला, आणि बाहेर येणाऱ्या एकेकीचा हात धरला. "रोशनीसाठी," एवढंच म्हणत होत्या. हा शब्द लागू पडला. ऑक्सिजनवरची रोशनी गावातल्या सगळ्यांनाच आठवत होती. पुढे वत्सलाबाई आणि मागे नऊ बायका, हातात पूजेची ताटं, अशी मिरवणूक उपकेंद्रात शिरली. त्यांनी स्वतः दोनदा मोजल्या. पूर्ण दहा, आणि सगळ्यांची सुई एकाच कंपनीची.

सिस्टरनं डबा उघडला. बाटली हातात घेतली. आणि सवयीनं विचारलं, "सगळ्यांनी खाऊन आलाय ना?"

बायकांच्या नजरा हातातल्या पूजेच्या ताटांकडे गेल्या.

"सिस्टर, आज सोमवार हाय," कोणीतरी म्हणालं. "श्रावणातला."

दहाच्या दहा जणींना उपास होता. आख्खा गाव पालथा घालणाऱ्या वत्सलाबाईंना तेवढंच सुचलं नव्हतं, आणि बामणिणीपासून बागायतदारणीपर्यंत एकीलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. सिस्टरनं कपाळाला हात लावला. मागच्या खेपेला एक बाई उपाशीपोटी सुई घेऊन भोवळ येऊन पडली होती आणि वरपर्यंत चौकशी झाली होती. आता काहीतरी पोटात गेल्याशिवाय सुई नाही.

"केळं चालतं की उपासाला," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पूजेच्या ताटातली केळी वाटायला सुरुवात केली. सहा जणींनी घेतली. उरलेल्या तिघींचा कडक उपास. दिवेलागणीला महादेवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. त्यातली एक म्हणाली, "वत्सलाक्का, रोशनी माझीबी लेकच हाय. पण मी नवस बोललेली हाय."

कडक उपास वत्सलाबाईंचाही होता. लग्न होऊन या गावात आल्यापासून एकही श्रावणी सोमवार त्यांनी मोडला नव्हता. रोशनी ऑक्सिजनवर होती त्या साली तर त्यांनी श्रावण नसतानाही सोमवार धरले होते. त्यांनी त्या तिघींकडे पाहिलं, मग हातातलं केळं सोललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. घास गिळताना त्यांना रडू आलं आणि तेही त्यांनी लपवलं नाही.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या.

पण नवस नवस असतो. त्या तिघी खाली मान घालून बसून राहिल्या. सात जणी होत्या, दहा नव्हत्या. दिवेलागणीनंतर आम्ही नक्की येतो, असं तिघींनी शपथेवर सांगितलं, पण डबा चारच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात परत द्यायचा असतो. कोरोना चोवीस तास चालू असला तरी लसीला ऑफिसची वेळ असते. सिस्टरनं बाटली पुन्हा बर्फात ठेवली. वत्सलाबाई घरी आल्या त्या मोडलेला उपास आणि मोकळा दंड घेऊन.

"म्हादेव काय म्हणंल वं?" त्यांनी धनरावांना विचारलं.

"त्याला बूस्टर झालेला असंल," धनराव म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आलीच नाही. पंधरा ऑगस्टसाठी घरोघरी झेंडे पोचवायचे होते आणि ज्यांना घरोघरचे रस्ते माहीत होते अशा सगळ्यांना झेंड्यांच्या कामाला लावलं होतं. वत्सलाबाईंच्या दारात झेंडा वेळेवर आला. त्यांनी तो मानानं लावला. देशावर त्यांचा राग नव्हता.

मग एका सकाळी, अजून भाकरी तव्यावर होती, स्कूटी घाईघाईनं अंगणात शिरली. सिस्टरच्या मागे कुंदन आणि कुंदनच्या मागे मोबाईलवर फोटो काढणारा एक जण.

"मावशी, चला, लवकर बसा. खाल्लंय ना काही?" सिस्टर धापा टाकत म्हणाली.

"बाकीच्या कुठं हायेत?"

"कोणी नको. तुमच्या एकटीसाठी फोडते. तालुक्याचा आकडा लय कमी पडलाय. वरून साहेबांचा फोन आलाय, काहीही करा, जेवढे होतील तेवढे आजच करा. वाया गेलं तरी चालेल म्हणाले."

वत्सलाबाई खुर्चीवर बसल्या. सिस्टरनं बाटली फोडली. ज्या बाटलीसाठी त्यांनी गावाच्या दाढ्या धरल्या, उपास मोडला, ती त्यांच्या ओट्यावर एका मिनिटात फुटली आणि त्यातले बाकीचे डोस कोणाचेच नव्हते. कुंदननं बाजूला उभं राहून अंगठा दाखवला. सुई टोचत असतानाच आतल्या खोलीत फोन वाजला. धनरावांनी उचलला. ते बाहेर आले तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

"रोशनी मोकळी झाली," ते म्हणाले. "पहाटेच. मुलगी हाय. दोघी बऱ्या हायेत."

रोशनीला अजून दिवस होते, पण बाळानं कोणाच्या वेळापत्रकाची वाट पाहिली नव्हती. सिस्टरनं टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला आणि हळूच म्हणाली, "मावशी, अर्धा तास बसून राहावं लागतं." वत्सलाबाई बसून राहिल्या. मुलगी झाल्याचा आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि त्या आनंदात बसूनच त्या हमसून हमसून रडल्या. फोटो काढणाऱ्यानं तेवढ्यापुरता मोबाईल खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या आणि धनराव कॅम्पात पोचले. सोबत डिंकाचे लाडू, मऊ सुती लुगड्याची दुपटी, आणि मोबाईलमध्ये सर्टिफिकेट. डावा दंड सुजून ठणकत होता, अंगात कसर होती. दवाखान्याच्या दाराशी वत्सलाबाईंनी मोबाईल काढून हातात धरला. पहारेकऱ्यानं हात हलवून आत जायला सांगितलं. वॉर्डाच्या दाराशी नर्सनं फक्त चपला काढायला सांगितल्या. आत कोपऱ्यातल्या कॉटभोवती माणसंच माणसं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका, महेशचा चुलतभाऊ, त्याची दोन पोरं. भागीबाई पाळणा हलवत होत्या. सर्टिफिकेट कोणी विचारलं नाही, तेव्हा ते कोणाला दाखवायचं ते वत्सलाबाईंना कळेना.

"या, इहीणबाई," भागीबाई उठून म्हणाल्या. मोकळी, मायाळू बाई. "नात बघा तुमची. नाक तुमच्यावर गेलंय." मग वत्सलाबाईंचा सुजलेला दंड पाहून हळहळल्या. "सुई का? लय तरास देती ती. मी तर पहिलीलाच अशी तापले, की दुसरी काय घेतलीच नाय."

वत्सलाबाईंनी ऐकलं. त्यांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दुसरी नाय घेतली?"

"नाय बा. तिसरीचं तर नावच नको."

वत्सलाबाईंनी वळून जावयाकडे पाहिलं. जूनपासून भागीबाई त्या क्वार्टरमध्ये होत्या. त्यांनी रोशनीला घास भरवला, तिचे पाय चेपले, रात्री तिच्या शेजारी झोपल्या. महेश भिंतीवरच्या आरोग्याच्या पोस्टरकडे लक्ष देऊन पाहू लागला.

"जावईबापू, यांना नाय विचारलं तुम्ही?"

"मामी," महेश म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला यात काही वावगं वाटतच नव्हतं, "आई घरचीच आहे ना."

कोणी मुद्दाम वाईट बोललं नव्हतं. पण एवढे महिने गावभर फिरून, हात जोडून, देवाला तोंड चुकवून ज्या दारातून आत यायची परवानगी वत्सलाबाई मिळवत होत्या, ते दार उघडंच होतं, आणि पहारा फक्त त्यांच्यासाठी होता. त्यांना सरकारचा राग आला नाही. सरकार निदान सगळ्यांनाच सारखं थांबवतं.

"आई," कॉटवरून रोशनी म्हणाली. तिचे ओठ कोरडे होते. "रात्रभर लय दुखत होतं. मी तुझंच नाव घेत होते. मी किती वेळा म्हणाले तुला, नुसती ये. तू सगळ्यांचं ऐकलंस. माझंच नाय ऐकलं."

वत्सलाबाई लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. मग पाळण्याकडे वळल्या आणि दुपट्यात गुंडाळलेली नात उचलायला वाकल्या.

महेश दोन पावलं पुढे आला. त्याचा आवाज नेहमीसारखाच अदबीचा होता.

"मामी, डोस कालच झालाय ना? त्याचा असर यायला पंधरा दिवस लागतात. तोवर जरा लांबून पाहिलं तर बरं, असं मी वाचलंय."

"बरोबर वाचलंय तुम्ही," वत्सलाबाई म्हणाल्या. ठणकता डावा हात सांभाळत उजव्या हातावर त्यांनी नात घेतली, रोशनीच्या उशाशी कॉटवरच बसल्या आणि पदर सारखा करून बाळाच्या डोक्याखाली दिला. "तुम्ही बाहेर बसून पंधरा दिवस मोजा. झाले की मला आवाज द्या."

महेश खरंच बाहेर जाऊन बाकावर बसला. धनराव तिथं आधीपासून बसले होते. रोशनीनं आईच्या मांडीला डोकं टेकवलं आणि थोड्याच वेळात ती झोपली.